लिंबाचं निळं पिंप

वादळ येऊन गेलं त्याला बरेच दिवस झाले होते, पण गच्चीवरचं लिंबू अजून त्यातून बाहेर आलं नव्हतं.

कागदी लिंबाचं झाड ते. मधोमध कापलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपात वाढलेलं, माणसाच्या खांद्याला लागेल एवढं. चष्म्याच्या दुकानातून घरी आली की सूनबाई पर्स खुंटीला लावायच्या आधी वरचा जिना चढून गच्चीवर जायची आणि झाडापुढे उभी राहायची. इस्पितळात डॉक्टर बाहेर येण्याची वाट बघत नातेवाईक उभे असतात ना, तशी. पानं कालच्यापेक्षा आज जास्त पिवळी दिसत. एखाद्या पानाला बोट लावावं तर ते देठापासून सुटून सरळ तिच्या हातात येई. मग ती ते पान पर्समध्ये टाकायची, कारण खाली पडलेलं पान दुसऱ्या कुणाला दिसलेलं तिला नको होतं.

झाड सासूबाईंचं होतं आणि सासूबाई घरात नव्हत्या. या गच्चीच्याच जिन्यावर हातात भरलेली झारी असताना त्यांचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि इस्पितळातून त्यांची मुलगी त्यांना परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. मुलगी म्हणजे सूनबाईची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. शाळेत उपमुख्याध्यापिका, त्यामुळे घरातल्या माणसांनाही रांगेत उभं करायची तिला सवय. तिचं घर तळमजल्यावर. न्हाणीघरात धरायला दांडा, मदतीला बाई, सगळं काही यथास्थित. महिनाभर ठेवते म्हणाली होती. महिना सरला, मग परतायच्या गोष्टीला फाटे फुटायला लागले. थोडं चालायला लागू दे, थोडं हवामान बदलू दे. आणि या आठवड्यात तिने फोनवर अगदी शांत आवाजात सांगितलं होतं.

"वहिनी, राग मानू नकोस. रविवारी मी आईला घेऊन येतेय. सारखी झाडं झाडं करतेय, एकदा डोळ्यांनी बघू दे. पण खरं सांगू का? तुम्हा तिघांना दिवसभर आपापली कामं. तुमच्याकडून कुंड्या जगल्या नाहीत तर माझी आई कशी जगेल? रविवारी बघते आणि मग काय ते ठरवू."

सूनबाईला राग आला होताच. पण रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आणि तिला सासूबाई घरी हव्या होत्या. जगात अशा सुना कमी असतील, पण ही एक होती. घरात उरलेले दोघे पुरुष म्हणजे मौनव्रताचे पुतळे. सासरे आयुष्यभर लिफ्टचे मेकॅनिक, आता निवृत्त; पान्ह्याशी जितकं बोलायचे तितकं माणसांशी नाही. नवरा बेकरीत, पहाटे जायचा, दुपारी यायचा आणि तोंड उघडायचा ते जांभई द्यायला. बोलायच्या त्या एकट्या सासूबाई. संध्याकाळी गच्चीवर दोघी कुंड्यांमधलं गवत उपटत अख्ख्या इमारतीची उणीदुणी काढायच्या, हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. त्या गेल्यापासून सूनबाईला घर खायला उठत होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

बोलून न दाखवणं ही तर या घराची रीतच होती आणि ती घालून दिली होती, गंमत बघा, सगळ्यात बोलक्या सासूबाईंनी. जगाबद्दल हवं तेवढं बोला, पण केलेलं काम बोलून दाखवायचं नाही. भांडी घासली, घासली. बिल भरलं, भरलं. "मी केलं, मी केलं" म्हणत मिरवायचं नाही. लग्न होऊन आल्यावर सूनबाईला हे फार आवडलं होतं. उपकार दाखवणारी माणसं तिने माहेरी पोटभर पाहिली होती.

वादळ आलं तेव्हा दुपार होती आणि घरी फक्त सासरे होते. सूनबाई पोचली तेव्हा गच्चीवर रणांगण झालं होतं. टोमॅटोच्या कुंड्या भिंतीवर आपटून फुटलेल्या, गुलाबाच्या फांद्या लोंबत्या, मोगऱ्याच्या पानांच्या चिंध्या. लिंबाचं पिंप आडवं, अर्धी माती बाहेर आणि एक जाड फांदी खोडाजवळ फाटलेली. सासरे त्या फांदीला खांद्याचा टेकू देऊन चिंब भिजलेले तसेच उभे होते. किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

नवरा बेकरीतच अडकला होता, त्यामुळे दोघांनीच अंधार पडेपर्यंत काम केलं. गुलाबाचं मोडकं तेवढं धारदार कात्रीने तिरकं कापून टाकलं. फाटलेली पानं मात्र तिने सरसकट खुडली नाहीत. अर्धं हिरवं पानही झाडाला चार घास भरवतं, हे सासूबाईंचं सांगणं तिला पाठ होतं. लिंबाची फाटलेली फांदी जागेवर आणून, फुटपट्टीचा आधार देऊन जुन्या ओढणीच्या पट्ट्यांनी करकचून बांधली. मग सगळ्या कुंड्या उन्हावाऱ्यातून काढून लिफ्टच्या मशीनच्या खोलीच्या भिंतीआड, सावलीत ओढून नेल्या. सासऱ्यांनी खताची पिशवी आणली तेव्हा तिने ती परत पाठवली. तापातून उठलेल्याला कुणी मेजवानी देतं का, असं सासूबाई म्हणाल्या असत्या.

आणि झाडांनी ऐकलं. गुलाबाला तांबूस फूट आली. मोगऱ्याने जुन्या चिंध्या गाळून नवी पानं काढली. लिंबाची फांदीसुद्धा जुळून आली, जखमेवर खपली धरावी तशी साल धरली. आणि मग, सगळं सुरळीत होतंय असं वाटत असताना, झाड आतूनच बसायला लागलं. आधी खालची पानं पिवळी, मग वरची. कोवळे शेंडे माना टाकलेले. गुलाब आणि मोगरा शेजारी तरारून उभे, त्यांच्यामध्ये हे असं.

सासूबाईंचा रोज फोन यायचा. रोज एक प्रश्न ठरलेला, लिंबू कसं आहे. सासरे म्हणायचे, बरं आहे. नवरा म्हणायचा, मस्त. सूनबाई म्हणायची, छान आहे, आई, आणि दुसऱ्या हाताने पर्समधली पिवळी पानं चुरायची.

शुक्रवारी तिने दुकानातून भिंग आणलं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधायचं डोळ्याला लावायचं भिंग. पानांच्या मागे कोळी असतील, मावा असेल, काहीतरी जिवंत सापडेल आणि त्याला मारता येईल, एवढीच तिची आशा. शत्रू दिसला की निम्मी भीती कमी होते. शनिवारी दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती दुपारीच घरी आली, थेट वर गेली आणि एकेक पान उलटं करून बघायला लागली. जाळं नाही, अंडी नाहीत, चिकटपणा नाही. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, कडा मऊ. पान सुकून कुरकुरीत झालं असतं तर तहान म्हणता आली असती. हे तर ओल्या कागदासारखं लिबलिबीत होतं.

ती गुडघ्यावर बसली आणि बोट मातीत खुपसलं. बोट चिखलात गेलं. वर आणलं आणि नाकाशी नेलं तर फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा वास. ती स्वतः तर रोज मोजून एकच झारी घालत होती. एका झारीने एवढा चिखल होणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती का लपली हे तिलाही सांगता आलं नसतं, पण ती पाण्याच्या टाकीमागे सरकली. नवरा वर आला, बेकरीतून नुकताच आलेला, केसांना अजून पीठ. त्याच्या हातात बादली होती. त्याने इकडे तिकडे पाहिलं, चोर बघतो तसं, आणि अख्खी बादली लिंबाच्या पिंपात रिकामी केली. मग झाडाच्या खोडाला हळूच थोपटलं आणि निघाला.

"हे रोज करतोस?" तिने टाकीमागून विचारलं.

तो जागच्या जागी उडाला. मग ओशाळून म्हणाला की हो, रोजच. आईने त्याला एकट्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, लिंबाला पाणी तू घालत जा, बाकीच्या दोघांच्या लक्षात राहायचं नाही. इस्पितळात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

सूनबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिलाही तेच सांगितलं होतं. त्याच इस्पितळात, तशाच हळू आवाजात, याच शब्दांत. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग दोघांनीही एकदमच खालच्या जिन्याकडे पाहिलं. सासरे पहाटे उठत. उठल्याबरोबर गच्चीवर फेरी मारत. एवढे दिवस सगळ्यांना वाटत होतं की ते व्यायाम करतात.

सासऱ्यांना वर बोलावून विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. हो, पहाटे, एक बादली. पानं पिवळी पडायला लागल्यावर दोन. नवराही पुटपुटला की त्यानेही वाढवलंच होतं. देव पाण्यात घालून बसलेल्या त्या घराने झाडालाही पाण्यातच घालून ठेवलं होतं.

"पण तरी पाणी खालून निघून जायला हवं होतं," सूनबाई म्हणाली. "पिंपाला भोक आहे. इतके दिवस जात होतं की."

सासरे काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं नेहमीचं होतं, पण या वेळी ते झाडाकडे बघतही नव्हते, आपल्या चपलांकडे बघत होते. तिने पिंपाला हात घालून नवऱ्याला ते तिरकं करायला लावलं आणि खालून बोटं फिरवली. भोक होतं तिथे गुळगुळीत, दगडासारखा टणक उंचवटा लागला. बघायचीही गरज नव्हती. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळून लावायचा तो राखाडी लगदा या घरात कुठे नव्हता? न्हाणीघरातल्या नळाला होता, बादलीच्या कानाला होता, कपाटाच्या मुठीला होता. एकदा सासूबाईंच्या चष्म्याच्या काडीलाही लावलेला होता आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या सुनेने तेव्हा कपाळाला हात लावला होता. सासऱ्यांच्या हिशेबी गळती म्हणजे बिघाड आणि बिघाड दिसला की तो बुजवायचा.

त्यांनी का बुजवलं ते तिने विचारलं नाही. तेवढा वेळ नव्हता. उद्या रविवार होता.

काय करायला हवं ते तिला माहीत होतं. भोक मोकळं करायचं. झाड मातीसकट बाहेर काढायचं. कुजलेली मुळं कापायची, कोरड्या मातीत परत लावायचं. आणि खाली मुळं कमी झाली की वरचा पसारा त्यांना झेपत नाही, म्हणून फांद्याही छाटायच्या. उरलेली पानं या हिसक्यात गळणारच. म्हणजे आज हे केलं तर उद्या नणंद येईल तेव्हा पिंपात एक काठी उभी असेल. आणि नाही केलं तर उद्या निदान पानं असतील. पिवळी का होईना, दुरून झाड झाडासारखं दिसेल.

सासरे तेच म्हणाले. "सोमवारी करू."

नवऱ्याने मान डोलावली. एका दिवसाने काय होतंय, तो म्हणाला. छोटीच्या डोळ्यांना झाड दिसलं पाहिजे, मग आई राहिली की सावकाश सगळं करू. छोटी म्हणजे नणंद; पोक्त झाली, उपमुख्याध्यापिका झाली, तरी भावाला ती छोटीच.

सूनबाईला ते पटावं असं फार फार वाटत होतं. तिने मनातल्या मनात उद्याचं चित्रही रंगवून पाहिलं. पिंप जरा लांब ठेवायचं, पुढे गुलाबाच्या कुंड्या लावायच्या, सासूबाईंना गच्चीपर्यंत चढता येणारच नाही, गॅलरीतून वर बोट दाखवायचं. कुणाला काय कळतंय? मग तिने परत मातीला नाक लावलं. वास खोडापर्यंत आला होता. खोडाच्या तळाशी साल दाबली तर ती मऊ लागली, अगदी थोडी, पण मऊ. सोमवार म्हणजे कदाचित उशीर होता. कदाचित आजही उशीरच झाला होता.

"बाबा," ती म्हणाली, "लिफ्टचा दोर तुटायला आलाय हे तुम्हाला कळलं, आणि उद्या मालक बघायला येणार आहे. तर तुम्ही त्या दोराला रंग मारून ठेवाल?"

सासऱ्यांनी वर पाहिलं. एवढ्या वर्षांत सुनेने त्यांना कधी उलट प्रश्न केला नव्हता. ते वळले आणि खाली गेले. ती ओठ चावत थांबली. त्यांना दुखावलं की काय, या भीतीने ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात ते परत वर आले. एका हातात ड्रिल आणि दुसऱ्या हातात वायरीचं भेंडोळं.

झाड बाहेर काढून पिंप उपडं केलं, आणि त्यांनी आपला लगदा स्वतःच फोडला. मग शेजारी आणखी भोकं पाडली, एकेक नीट आखून, लिफ्टच्या दरवाजाला पाडावीत तशी. पिंपातून काळं पाणी गच्चीभर पसरलं आणि असा वास सुटला की नवरा पीठ चाळताना बांधायचा रुमाल नाकाला बांधून आला. सूनबाईने मुळांचा गोळा उलगडून पाहिला. अर्ध्याहून जास्त मुळं तपकिरी, बोटांत धरली की साल मोज्यासारखी निघून येत होती. सूनबाई एकेक मूळ चाचपून कापत गेली. मऊ ते काप, टणक ते ठेव. पिंपाच्या भिंतीकडच्या एका बाजूला पांढरी, घट्ट मुळं लागली तेव्हा तिने श्वास सोडला. फार नव्हती. होती एवढंच.

तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली कोरडी माती. मग फांद्यांवर कात्री. ज्या फांदीला वादळात सासऱ्यांनी खांदा दिला होता, जी एवढ्या निगुतीने जुळून आली होती, तीही अर्ध्यावर कापावी लागली. ती कापताना तिचा हात थांबला तेव्हा सासऱ्यांनी फांदी धरून ठेवली आणि मानेनेच खूण केली. शेवटी दोघा पुरुषांनी पिंप दोराने बांधून, जिन्यावरून पायरी पायरीने उतरवून घराच्या गॅलरीत आणून विटांवर ठेवलं. ऊन लागणार नाही आणि आल्यागेल्याचं लक्ष पहिलं तिथेच जाईल अशी तीच एक जागा होती.

रविवारी सकाळी शेवटची पानं गॅलरीच्या फरशीवर पडलेली होती. सूनबाईने ती झाडून काढली नाहीत. लपवायचं काही उरलंच नव्हतं.

लिफ्ट वर आल्याचा आवाज आला तेव्हा तिघं दारात उभे होते. वॉकर आधी बाहेर आला, मग सासूबाई. वाळल्या होत्या. केस कुणीतरी चापूनचोपून बांधले होते, त्यांचं ते बांधणं नव्हे. मागे नणंद, एक हात आईच्या पाठीशी. हातात फक्त गाडीची किल्ली होती. सूनबाईच्या ते लगेच लक्षात आलं. सासूबाईंची बॅग वर आणलेली नव्हती, गाडीतच ठेवली होती. आधी बघू, मग काढू.

सासूबाई पाणीसुद्धा न पिता गॅलरीकडे निघाल्या. वॉकरचे पाय फरशीवर ठक ठक वाजत होते आणि सूनबाईचं काळीज त्या ठोक्याला ठोका देत होतं. गॅलरीच्या दारात त्या थांबल्या. निळं पिंप, काळीभोर कोरडी माती, मधे चार तुटक्या हातांची काठी.

"हे बघ," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तो कापत होता. "आई, हे बघ. वहिनी, तू फोनवर छान आहे म्हणत होतीस."

"खोटं बोलले," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी हात पुढे केला तशी नवऱ्याने खुर्ची सरकवली. त्या बसल्या. पुढे वाकून बोटांनी माती चाचपली, हुंगली. छाटलेल्या फांद्यांची टोकं बघितली. तिरके, स्वच्छ काप, अजून ओलसर. मग पिंपाच्या तळाशी हात घातला आणि एकेक भोक बोटाने मोजल्यासारखं चाचपलं.

"हे कधी केलंत?" त्यांनी विचारलं.

"काल," सूनबाई म्हणाली.

"काल? मी आज येणार हे माहीत असून?"

"हो."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आणि मग ज्यांच्याकडून कुणी अपेक्षाच केली नव्हती ते सासरे बोलले.

"भोक मी बुजवलं होतं," ते म्हणाले. घरात असं बोलायची रीत नव्हती आणि ते त्यांच्या तोंडाला जमतही नव्हतं. "वादळानंतर पिंप मशीनच्या खोलीपाशी आणलं. भोकातून निघालेलं पाणी दाराखालून आत जायचं. मोटारीत गेलं असतं. लिफ्ट बंद पडली असती तर तू वर कशी आली असतीस?"

नणंदेने तोंडावर हात ठेवला. लिफ्ट बंद पडली तर आई कशी चढणार, हे फोनवर तिनेच दर वेळी ऐकवलं होतं.

मग नवराही म्हणाला की तो रोज बादली घालायचा. सूनबाई म्हणाली, मी पण एक झारी, आणि बाबा पहाटे दोन बादल्या. सासूबाईंनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी त्यांना काही कळेना, मग कळलं, मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिघांनाही. वाटलं, एक तरी लक्षात ठेवेल. तुम्ही तिघंही ठेवाल असं मला कुठे ठाऊक." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. सूनबाई खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवला. ओरडल्या असत्या तर तिला सोसलं असतं, हे सोसत नव्हतं.

"आई, झाड जगेल की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "एका बाजूची मुळं चांगली होती. तेवढंच सांगू शकते."

"तेवढं पुरे आहे." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मुलीकडे वळल्या. "तू मला काय बघायला आणलंस गं? हे माझी निगा राखतील का, हेच ना? मग नीट बघ. यांना मला फसवायचं असतं तर हे सगळं उद्या केलं असतं. आज मला पानं दाखवली असती."

"आई, पण मी तुझं सगळं केलं," नणंद म्हणाली आणि तिचा बांध फुटला. शाळेतला करडा आवाज कुठल्या कुठे गेला. "रात्री तू नुसती कूस बदललीस तरी मी उठत होते. परत पडलीस तर?"

"केलंस. खूप केलंस. पण तू मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीस, छोटे. मी अशाने बसूनच जाईन." त्यांनी हात लांब केला आणि नणंद येऊन खुर्चीला टेकून उभी राहिली. "पडले तर पडले. तुला आधी फोन करायला लावीन यांना. तोंड उघडून सांगायचं, असं बजावीन."

कुणीतरी चहा टाकायला हवा होता, पण कुणालाच हलावंसं वाटेना. नणंद नाक पुसत झाडाकडे बघत होती. मग तिने टेबलावरचा पाण्याने भरलेला पेला उचलला, बहुधा सवयीने, किंवा काहीतरी करावंसं वाटलं म्हणून, आणि पिंपावर वाकली.

"नको!" तिघंही एकदम ओरडले.

पेला तिच्या हातातून पडता पडता राहिला. सासूबाई इतक्या हसल्या की खुबा धरून बसल्या, आणि सूनबाईला कितीतरी दिवसांनी ते गच्चीवरचं हसू ऐकू आलं.

हसणं ओसरल्यावर सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मुलगा होता, मुलगी होती, सूनबाई होती. सासरे मात्र गॅलरीत नव्हते. टेबलावर नणंदेने ठेवलेली गाडीची किल्लीही नव्हती. बाहेर लिफ्ट खाली जाऊन थांबली आणि जराशाने परत वर येऊ लागली, नेहमीच्या संथ घरघराटात.

लिफ्टचा दरवाजा उघडला. सासरे आत आले, हातात सासूबाईंची बॅग. ती त्यांनी बायकोच्या पलंगापाशी ठेवली आणि वळून जायला लागले, जसे आयुष्यभर प्रत्येक काम करून वळून गेले होते. मग दारात थांबले, घसा खाकरला आणि बायकोकडे बघून म्हणाले,

"बॅग आणली मी."